काका पाच महिन्यांत गेले, भाऊ अकरा वर्षं रांगेत: १९६५ च्या अमेरिकन कायद्याने नेमकं काय केलं?

कृष्णाकाठची_ऋता

नमस्कार मंडळी. दिवाळीत सांगलीच्या घरी माळा आवरायला घेतला आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत थोरल्या काकांची फाईल सापडली. काका वालचंदचे मेकॅनिकल इंजिनिअर, १९६९ साली अमेरिकेला गेले ते तिकडचेच झाले, आता हयात नाहीत. फाईलमध्ये रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म (परदेशी जायच्या परवानगीचा), मुंबईच्या अमेरिकन वकिलातीची दोन पत्रं, शिंप्याचं एका सुटाचं बिल आणि आजीच्या अक्षरातली सामानाची यादी आहे. यादीत मेतकूट आहे, लोकरीचे दोन स्वेटर आहेत आणि शेवटी "डॉलर ८" असं लिहून खाली दोनदा रेघ ओढलीये.

मला चक्रावून टाकलं ते तारखांनी. अर्ज फेब्रुवारी १९६९, मुलाखत जुलैमध्ये आणि त्याच महिन्यात व्हिसा. तोही साधा नाही, कायम राहायचा, म्हणजे काका सांताक्रूझहून निघाले तेव्हाच ग्रीन कार्डवाले झालेले होते आणि हातात नोकरी नव्हती!

आता माझा धाकटा भाऊ बघा. तिकडे मास्टर्स केलं, चौदा वर्षं सलग नोकरी, प्रायॉरिटी डेट म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख मार्च २०१४, आणि अजून ग्रीन कार्ड नाही. घरात सगळे म्हणतात काका फार हुशार होते म्हणून गेले. होतेच. पण भाऊ काय कमी हुशार आहे का?

नेटवर थोडं वाचलं तर १९६५ चा हार्ट-सेलर कायदा असं कळलं. त्या कायद्याने दार का उघडलं आणि त्याच दारात आता ही कोंडी का झालीये, हे कुणी नीट समजावून सांगेल का? तिकडे राहिलेल्या लोकांचे अनुभवही वाचायला आवडतील.

पायवाट

ऋता, काकांची हुशारी खरी पण तेवढीच हुशारी त्यांच्या वडिलांच्या पिढीतही होती की. ते का गेले नाहीत ते आधी बघू.

१९१७ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाचा एक भलामोठा पट्टा आखला आणि तिथल्या लोकांना स्थायिक व्हायला बंदी घातली, भारत त्या पट्ट्याच्या आत. चिन्यांना तर १८८२ पासूनच बंदी होती. मग १९२३ साली भगतसिंग थिंडचा खटला झाला. हा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता, तरी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस 'गोरा' ठरत नाही म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. ज्यांना आधी मिळालेलं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. थिंडच्या बाजूने लढणारे वकील होते सखाराम गणेश पंडित, जन्म अहमदाबादचा. त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वावरही सरकार उठलं पण ते लढले आणि १९२७ मध्ये जिंकले. वैष्णोदास बगई यांच्या नशिबी ते नव्हतं. नागरिकत्व गेलं, कॅलिफोर्नियात परक्यांना जमीन-घर ठेवता येत नसल्यामुळे मालमत्ता गेली आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. हे वाचलं की माझं अजूनही पोटात कालवतं.

१९२४ साली कोटा आला. प्रत्येक देशाला किती जागा, तर १८९० च्या जनगणनेत त्या देशाचे जेवढे लोक अमेरिकेत होते त्याच्या दोन टक्के. १८९० च का? कारण इटालियन, पोलिश, ज्यू लोकांचे लोंढे त्यानंतर आले. म्हणजे मोजणीचं वर्षच असं निवडलं की इंग्लंड-जर्मनीला भरपूर आणि बाकीच्यांना चिमूटभर. आपल्याला तीही नाही.

भारतासाठी फट उघडली १९४६ ला, ट्रुमनच्या सहीने. वर्षाला किती जागा? शंभर. अख्ख्या देशाला शंभर! १९५२ च्या नव्या कायद्यातही तेच, वर असं की आईवडील भारतीय असले तर माणूस लंडनला जन्मलेला असला तरी भारताच्याच शंभरात मोजायचा. रक्तावर हिशोब.

१९६५ च्या कायद्याने हा रक्ताचा हिशोब मोडला. पूर्व गोलार्धाला १,७०,००० जागा, कुठल्याही एका देशाला जास्तीत जास्त २०,००० आणि पसंतीचे सात वर्ग. तिसरा वर्ग डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ वगैरे. १ जुलै १९६८ ला कायदा पूर्ण लागू झाला आणि तुझ्या काकांनी अर्ज टाकला पुढच्याच फेब्रुवारीत. तेव्हा वीस हजारांच्या दारासमोर भारतातून फारसं कोणी उभंच नव्हतं गं. रांगच नव्हती.

नीलमोहर

१८९० ची जनगणना वापरण्याची गोष्ट पहिल्यांदाच कळली. सुन्न झाले.

शिकागोचे_आजोबा

ऋता बाळा, तुझ्या आजीच्या यादीतले आठ डॉलर वाचले आणि पुढचं वाचायला चष्मा पुसावा लागला. मी जानेवारी १९७० चा. परदेशी चलन सरकार तेवढंच देत असे, आठ डॉलर. घरून निघताना ते माझ्या बनियनच्या आतल्या खिशात आईने टाका घालून शिवले होते. पहिल्याच दिवशी विमानतळावरून गावात जायला आणि एका रात्रीच्या खोलीला त्यातले बरेचसे गेले.

आणखी एक गोष्ट फाईलमध्ये शोध, मोठा खाकी लिफाफा असेल. छातीच्या एक्सरेची फिल्म बरोबर न्यावी लागायची, क्षय नाही हे दाखवायला. ती दुमडायची नाही म्हणून पूर्ण प्रवास मी मांडीवर धरून केला, जेवणाचा ट्रे आला तेव्हा शेजाऱ्याने धरली. उतरल्यावर अधिकाऱ्याने दिव्यापुढे धरून पाहिली आणि म्हणाला वेलकम. माझ्या छातीची फिल्म बघून माझं स्वागत झालं असं मी मुलांना अजून सांगतो.

नोकरी सात आठवडे मिळाली नाही. आम्ही पाच जण दोन खोल्यांत, एक सांगलीचा, एक इंदूरचा, दोघे तेलुगू आणि मी. प्रेशर कुकर एकच, तो इंदूरकराचा, म्हणून त्याचं भाडं आम्ही कमी धरायचो. शेवटी इंजिनिअरची डिग्री असून ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, ताशी पगारावर.

आणि एक गोष्ट हल्लीच्या मुलांना माहीत नसते. ग्रीन कार्ड असलं तरी तरुण पुरुषाला लष्कराच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे सक्तीच्या भरतीसाठी, नाव नोंदवावं लागत असे आणि तेव्हा व्हिएतनाम पेटलेलं होतं. मी पंचविशीचा होतो. नाव नोंदवून आलो आणि आईला पत्रात लिहिलं की इथे बर्फ फार सुंदर दिसतो. पुढे बोलावणं आलं नाही. पण ती दोन वर्षं पोस्टमन दिसला की पोटात गोळा यायचा.

इथलं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं. गणपतीला एका शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचो आणि मोदक म्हणजे मैद्याचे तळलेले, कारण तांदळाची पिठी मिळत नसे. पुढे मंडळं वाढली, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं आणि १९८४ चं पहिलं अधिवेशन आमच्याच शिकागोला. तो हॉल भरलेला पाहिला तेव्हा वाटलं, ही एवढी सगळी माणसं १९६५ च्या कायद्यावरच्या त्या एका सहीमुळे इथे आहेत.

वऱ्हाडी_ठसका

आजोबा, तुमचा अनुभव वाचून गहिवरून आलं. पण ह्या कायद्याचं कौतुक करताना आपलं काय गेलं तेही बोला ना राजेहो.

माझे वडील नागपूरच्या मेडिकल कॉलेजचे. १९६५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड ह्या सरकारी आरोग्य योजना मंजूर झाल्या आणि त्या सुरू झाल्यावर डॉक्टर कमी पडायला लागले. आणि ऑक्टोबरमध्ये हा कायदा. बाबांच्या वर्गातले कितीतरी गेले. त्यांचं शिक्षण कोणी केलं? आपल्या सरकारच्या पैशावर, नाममात्र फी मध्ये. गेले कुठे? तिथल्या सरकारी दवाखान्यांत आणि आडगावांत, जिथे गोरा डॉक्टर जायला तयार नव्हता. आणि आमच्या गडचिरोलीत तेव्हा बाळंतपणाला बैलगाडीने न्यायचे. बाबा गेले नाहीत, जिल्हा रुग्णालयात राहिले. त्यांच्या मित्रांना वाईट म्हणत नाही मी, माणूस संधी घेणारच. पण हा कायदा म्हणजे अमेरिकेने आपल्याला दिलेली देणगी होती असं कोणी म्हटलं की मला राग येतो. आपणच तिला तयार माणसं दिली, फुकट.

तिकडच्या कॉलेजांतून डॉक्टर पुरेसे निघायला लागले तसं १९७६ मध्ये नवा कायदा करून परदेशी डॉक्टरांची वाट बरीच अरुंद केली. गरज सरो वैद्य मरो हे इथे शब्दशः आहे.

शिकागोचे_आजोबा

वऱ्हाडी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार कळवा. तुमचं म्हणणं मला पटतं आणि ते मला रात्री कधी कधी टोचतं सुद्धा. एवढंच सांगतो की १९६९-७० ला मी पुण्यात आठ महिने बेकार इंजिनिअर होतो. देशाला मी नको होतो असं नाही, पण देशाकडे मला द्यायला काम नव्हतं.

रायबा

एक महत्त्वाची गोष्ट अजून कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. हा कायदा भारतीयांनी मागून मिळाला नाही. तो मिळाला काळ्या लोकांच्या लढ्यामुळे.

सिव्हिल राइट्स ॲक्ट १९६४, व्होटिंग राइट्स ॲक्ट ऑगस्ट १९६५ आणि हा ऑक्टोबर १९६५. एकाच लाटेतले तिन्ही. ज्या संसदेने देशातल्या माणसाला वंशावरून वेगळं वागवायचं नाही असं ठरवलं तिला दारावरच्या माणसाला वंशावरून हाकलणं शोभेना. त्यात रशियाशी शीतयुद्ध, आशिया आफ्रिकेत नवे देश स्वतंत्र झालेले, त्यांच्यापुढे 'तुमच्यातले शंभरच घेऊ' हे सांगणं अमेरिकेला जड जायला लागलं होतं.

सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी काळ्या लोकांनी डोकी फोडून घेतली आणि त्याचा लाभ आपल्या काकांना झाला. आणि त्याच काकांच्या तोंडून काळ्या लोकांबद्दल काय काय ऐकलंय मी लहानपणी, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी स्वतः न्यू जर्सीत वाढलोय, माझ्या घरातलंच सांगतोय. आंबेडकर १९१३ ते १६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले, हार्लेम ह्या काळ्या लोकांच्या वस्तीच्या अगदी शेजारी. आपण त्यांचा फोटो मंडळाच्या हॉलमध्ये लावतो पण शेजारच्या माणसाशी बोलत नाही.

नीलमोहर

रायबा +१. शेवटच्या ओळीला तर हजार वेळा.

चिंचेचा_कोळ

रायबाशी सहमत पण त्यात थोडी भर. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यापुढे आपण नव्हतोच. त्यांच्यापुढे होते इटालियन, ग्रीक, पोलिश मतदार, ज्यांचे नातेवाईक कोट्यामुळे वर्षानुवर्षं अडकलेले. सुरुवातीला खरंच तेच जास्त आले.

सगळ्यात कमाल गोष्ट कुटुंबाच्या वर्गांची. केनेडी-जॉन्सनच्या मूळ मसुद्यात कौशल्याला पहिला मान होता. ओहायोचे मायकेल फिगन नावाचे खासदार अडून बसले आणि कुटुंबाला वरचा क्रम मिळवून दिला. त्यामागचा हिशोब असा की इथे आधीच गोरे युरोपियन आहेत, तर नातेवाईक त्यांचेच येतील, देशाचा चेहरा आहे तसाच राहील. म्हणून नागरिकांच्या भावाबहिणींच्या वर्गाला २४ टक्के, सातांत सगळ्यात मोठा वाटा, आणि डॉक्टर-इंजिनिअरांना १०. पण युरोप तोवर सुधारला होता, तिथल्या लोकांना यायची घाई राहिली नाही. आला कोण? काकांच्या मागून काकांचा भाऊ, त्याच्या बायकोची बहीण, तिचा नवरा आणि त्याचा भाऊ. आमची न्यू जर्सीच्या एडिसनमधली अख्खी आळी अशी आलीये. पहिला माणूस १९७१ चा एक केमिस्ट आणि आज गौरी जेवणाला चौऱ्याहत्तर पानं!

बॉबी केनेडींनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की आशियातून पहिल्या वर्षी पाच हजार येतील, नंतर काही मोठा ओघ राहणार नाही. आणि ३ ऑक्टोबर १९६५ ला स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या पायथ्याशी सही करताना जॉन्सन म्हणाले की हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखोंच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही. १९७० मध्ये अमेरिकेत परदेशी जन्मलेले लोक ४.७ टक्के होते, आता १४ च्या वर आहेत. भारतीय वंशाचेच ५० लाखांहून जास्त.

पायवाट

कोळ, त्या बेटावरच्या सहीचा एक दुवा मला फार भावतो. इमॅन्युएल सेलर हे ब्रुकलिनचे खासदार. १९२४ च्या कोट्याविरुद्ध ते उभे राहून बोलले तेव्हा नवखे होते, पहिलीच टर्म. हरले. १९४६ चा भारताला शंभर जागा देणारा कायदा, त्यावरही त्यांचंच नाव. आणि १९६५ ला कोटा मोडला तोही त्यांच्याच नावाने. एक्केचाळीस वर्षं एकच गोष्ट धरून बसायची. आपल्याकडे अशा माणसाला चिवट म्हणतात ना, तसे. दुसरे हार्ट, मिशिगनचे सिनेटर. सिनेटमध्ये ७६ विरुद्ध १८ ने पास झाला.

द्राक्षबाग

मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहते, मूळची नाशिकची, इथेही चहूकडे द्राक्षंच. आमच्या आजूबाजूला शेतावर काम करणारे सगळे मेक्सिकन. तुम्ही सगळे पूर्व गोलार्धाचं बोलताय, त्यांच्यासाठी ह्या कायद्याने दार उघडलं नाही, लावलं.

आधी पश्चिम गोलार्धाला संख्येची मर्यादाच नव्हती. शिवाय ब्रासेरो नावाची योजना होती, हंगामापुरते मेक्सिकन मजूर सरकारी करारावर यायचे आणि परत जायचे. ती १९६४ च्या अखेरीस बंद केली. लगेच पुढच्या वर्षीच्या कायद्यात पूर्ण पश्चिम गोलार्धाला १,२०,००० ची मर्यादा आणि १९७६ मध्ये तिथेही देशाला २०,००० चा नियम. मळा तोच, मालक तोच, तोडणीला येणारा माणूसही तोच, फक्त कालपर्यंत कायदेशीर होता तो आज बेकायदा झाला. मग १९८६ मध्ये रेगनने सुमारे २७ लाख लोकांना कागदपत्रं देऊन टाकली, आणि तरी प्रश्न सुटला नाही कारण पुढे येणाऱ्यांसाठी वाट केलीच नाही.

माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे वडिलांचं ब्रासेरो कार्ड आहे, फोटोखाली अंगठा. त्यांचा सख्खा भाचा मात्र तीस वर्षं कागदाशिवाय जगतोय, आईच्या मातीलाही जाऊ शकला नाही कारण गेला असता तर परत येता आलं नसतं. आपली ग्रीन कार्डची रांग वाईट आहेच. त्याच्यासाठी रांगच नाहीये.

फोडणी

अवांतर: ब्रीच कँडीच्या वकिलातीबाहेर पहाटे चारला रांगेत उभं राहिलेले कोण कोण आहेत इथे? २०११ पर्यंत तिथेच होती ना, मग बीकेसीला गेली. समोरच्या फुटपाथवर आमच्या फायली सांभाळायचे आणि मोबाईल ठेवून घ्यायचे पैसे घेणारी माणसं होती. माझ्या आईने मला व्हिसा मिळावा म्हणून पलीकडच्या महालक्ष्मीला ओटी बोलली होती, आणि मिळाल्यावर मी तशीच हाय हिल्समध्ये देवळात पळाले :)

माळरान

फोडणी, मी! २००३. पाऊस आणि छत्री आत नेऊ देईनात, एका अनोळखी काकांनी माझी फाईल स्वतःच्या रेनकोटात घेतली. त्यांचा व्हिसा नाकारला गेला आणि माझा झाला. त्यांनी हसून पाठ थोपटली. नाव विचारायचं राहून गेलं.

बरं, ऋताच्या मूळ प्रश्नाकडे येतो कारण तो माझाही आहे, प्रायॉरिटी डेट नोव्हेंबर २०१३.

ह्या कोंडीचं मूळ त्याच १९६५ च्या कायद्यात आहे. देशाला कमाल २०,००० हा नियम केला तेव्हा तो समतेचा नियम होता. इंग्लंडला जास्त नाही, भारताला कमी नाही, सगळे सारखे. १९९० मध्ये थोरल्या बुशने नवा कायदा केला, नोकरीवाल्यांना वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं आणि कुठल्याही देशाला एकूणच्या सात टक्के. सात टक्के म्हणजे ९,८०० आणि त्यात बायकापोरं पण धरून. त्याच कायद्यात एच-वन-बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा आला, वर्षाला ६५,०००, आणि त्याला देशाची मर्यादा नाही! म्हणजे नळ पूर्ण सोडलाय आणि मोरी बोटाएवढी. आइसलंडची लोकसंख्या चार लाख नाही, त्यालाही तेवढीच मर्यादा आणि भारतालाही तेवढीच. देशादेशांत समता झाली आणि माणसामाणसांतली गेली.

पर्म म्हणजे कामगार खात्याचा दाखला, ज्याच्यासाठी आपण दर नोकरीबदलाला नव्याने घाम गाळतो, त्याचं मूळही १९६५ च्याच कायद्यात आहे, अमेरिकन कामगाराचं काम जात नाही हे आधी सिद्ध करा.

२००० साली सहा वर्षांनंतरही एच-वन वाढवून मिळायची सोय झाली म्हणून आपण इथे टिकून तरी आहोत. पण टिकणं म्हणजे काय, तर मागची दहा वर्षं मी एकाच कंपनीत आहे. साहेबाने दोन वेळा बढती देतो म्हणून दुसऱ्याला दिली, मी गप्प बसलो कारण त्यालाही माहितीये आणि मलाही माहितीये की मी जाऊ शकत नाही. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं सरकारी पत्रक) आलं की बायको स्वयंपाकघरातून विचारते, "हलली का?" मी म्हणतो नाही. पूर्वी ती पुढे काहीतरी विचारायची.

कोकणकडा

माळरान, एक गंमत. देश म्हणजे नागरिकत्व नाही, जन्माचा देश. आणि नवराबायकोपैकी कुणाच्याही जन्मदेशाच्या रांगेत दोघांना उभं राहता येतं. माझी बायको रत्नागिरीचीच, पण सासरे तेव्हा मस्कतला नोकरीला होते म्हणून जन्म तिथला. वकिलाने कागद बघितले आणि खुर्चीतून उठला. ओमानच्या रांगेत आमचं दोन वर्षांत काम झालं. माझ्यापेक्षा चार वर्षं सीनियर मित्र अजून थांबलाय. सासऱ्यांना फोन केला तर म्हणाले, अरे मग हुंडा म्हणून लिहून घे :)

हसलो खूप पण त्या मित्राच्या घरी पेढे द्यायला जायची हिंमत झाली नाही.

नीलमोहर

मी आत्तापर्यंत नुसती वाचत होते, आता लिहिते.

मी आर्किटेक्ट, पुण्याची. लग्न होऊन २००६ ला एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आले. त्या व्हिसावर काम करायची परवानगी नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही, नवऱ्याच्या नावाशिवाय साधं लायब्ररी कार्ड काढतानाही काउंटरवरच्या मुलीला समजावून सांगावं लागलं. २०१५ च्या मे महिन्यात काही एच-फोरवाल्यांना ईएडी म्हणजे कामाचा परवाना मिळायला लागला तोपर्यंत नऊ वर्षं गेली होती. ह्या नऊ वर्षांत मी रविवारची मराठी शाळा चालवली, अठ्ठावीस मुलांना 'ळ' म्हणायला शिकवलं, लोकांच्या किचनची ड्रॉइंग्ज फुकट काढून दिली. टी-स्क्वेअर कपाटाच्या मागे होता तो वाकडा झाला.

तुम्ही सगळे नंबर लिहिताय ते बरोबर आहेत. त्या सात टक्क्यांत आम्ही बायका पण मोजल्या जातो, नवऱ्याच्या रांगेतली एक जागा आम्ही खातो. आणि मुलगा इथे सहा महिन्यांचा आला, आता वीस वर्षांचा आहे. एकविसाव्या वाढदिवसाला तो आमच्या अर्जातून गळेल, स्टुडंट व्हिसावर जाईल, परदेशी विद्यार्थी म्हणून, स्वतःच्याच गावात. पुढच्या मेमध्ये त्याचा वाढदिवस आहे, केक आणायचा की नाही तेच समजत नाही.

पायवाट

नीलमोहर, काय लिहू कळत नाहीये.

सिंहगडरोड

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. देशाची मर्यादा पूर्ण काढली तर पुढची कित्येक वर्षं जवळजवळ सगळी कार्डं भारत आणि चीनला जातील. फिलिपिन्सची नर्स, ब्राझीलचा संशोधक, त्यांनी काय पाप केलं? २०१९ मध्ये मर्यादा काढायचं बिल हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं तरी पुढे गेलं नाही, त्याला हेही कारण होतंच. आणि अमेरिकेने आपल्याला कार्ड द्यावंच असा आपला हक्क थोडाच आहे? आता तर २०२५ च्या सप्टेंबरपासून नव्या एच-वनवर एक लाख डॉलर फी लावलीये. उद्या अजून काही करतील. मी २०१८ ला परत आलो, पुण्यात आहे, खडकवासल्याचं पाणी पितोय, झोप लागते.

माळरान

सिंहगडरोड, हक्क नाही हे मान्य. पण कर घेतला, सोशल सिक्युरिटी कापली, मुलं शाळेत वाढली, आणि मग जन्माचं गाव विचारायचं? १९२४ मध्ये तेच विचारत होते ना. मर्यादा काढायची नसेल तर एकूण जागा वाढवा, १,४०,००० हा आकडा १९९० चा आहे. ब्राझीलवाल्याचं काढून मला द्या असं मी म्हणतच नाहीये.

परत यायचं म्हणशील तर दोनदा सामान बांधलं होतं. एकदा मुलीची बारावी, एकदा कोविड.

द्राक्षबाग

२००७ ची आठवण झाली. जुलैमध्ये सगळ्या डेट्स करंट झाल्या, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना अर्ज टाकता येणार होता, म्हणून लोकांनी धावपळ करून मेडिकल केल्या, फोटो काढले, सुट्ट्या टाकल्या आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की नंबर संपले. तेव्हा आपल्या लोकांनी इमिग्रेशनच्या ऑफिसला शेकड्यांनी फुलांचे गुच्छ पाठवले, गांधीगिरी म्हणून. ऑफिसने ती फुलं जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलला पाठवून दिली आणि पंधरा दिवसांत निर्णय फिरवला. आमचाही गुच्छ होता त्यात, पिवळे डेलिया.

कृष्णाकाठची_ऋता

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री जागून सगळं वाचलं. नीलमोहर, तुला व्यनि केलाय.

आजोबा, तुम्ही म्हणालात म्हणून परत ट्रंक उघडली. खाकी लिफाफा आहे! पण त्यात एक्सरे नाही, वेगळंच पत्र निघालं. मुंबईच्या वकिलातीचं, १९८२ सालचं, आणि बाबांच्या नावाने. काकांनी नागरिक झाल्यावर भावाच्या वर्गातून बाबांसाठी अर्ज केला होता, कोळ म्हणतोय तो २४ टक्क्यांचा वर्ग. नंबर लागलाय, ही ही कागदपत्रं घेऊन या असं त्यात लिहिलंय. सोबतचे फॉर्म कोरेच आहेत.

आम्हाला कुणालाही माहीत नव्हतं. बाबा आता ऐंशीचे आहेत. संध्याकाळी चहा देताना विचारलं. म्हणाले, "तुझी आजी तेव्हा अंथरुणाला होती, दादा तिकडे. मीही गेलो असतो तर तिला पाणी कुणी दिलं असतं?" आणि परत पेपर वाचायला लागले. आईलाही तेव्हा सांगितलं नव्हतं म्हणे.

मी तेव्हा दोन वर्षांची होते, भाऊ जन्मायचा होता. पत्राचा फोटो त्याला पाठवला. निळ्या टिका लगेच झाल्या, उत्तर मात्र रात्री उशिरा आलं, "बाबांना म्हणावं मी डिसेंबरात येतोय, स्टॅम्पिंगचं (परत जायला पासपोर्टवर लागणाऱ्या व्हिसाच्या शिक्क्याचं) काय व्हायचं ते होऊ दे."

पायवाट, त्या जुन्या अर्जाचा आता भावाला काही उपयोग होईल का?

पायवाट

नाही गं. नंबर लागल्याचं कळवल्यावर वर्षभरात पुढचा अर्ज केला नाही तर नोंदणी रद्द होते, आणि भाऊ तर कधीच एकविशी ओलांडून गेलाय. आज भावाच्या वर्गात भारतासाठी २००६ च्या आसपासचे अर्ज चाललेत, म्हणजे नव्याने टाकला तर काही खरं नाही. डिसेंबरात यायच्या आधी त्याला म्हणावं वकिलाशी एकदा बोल, स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट हातात असल्याशिवाय तिकीट काढू नको.

शिकागोचे_आजोबा

ऋता, बाबांना माझा नमस्कार सांग, मी न भेटलेला त्यांचा एक मोठा भाऊ आहे म्हणून सांग.

आणि ते पत्र लॅमिनेट करू नकोस हं. मी माझा पी फॉर्म केला आणि दहा वर्षांत अक्षरं पिवळी पडून गेली. सुती कापडात गुंडाळून ठेव, आजीच्या यादीसकट.